मशिनपर्यंतची वाट : धाराशिव जिल्हा आणि डायलिसिसचा सरकारी आधार

7 एप्रिल 2016 रोजी, जागतिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. पाचच दिवसांनी, 12 एप्रिलला, मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, असं पाच लाख लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती गाडी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, स्थानकावरूनच पुढे गेली. एक बातमी आरोग्य खात्याची आणि दुसरी दुष्काळाची, म्हणून दोन्ही एकत्र वाचायचं कुणाला सुचलं नाही. मराठवाड्यात मात्र त्या एकत्रच वाचायला हव्यात, कारण डायलिसिसला विजेच्या आणि यंत्राच्याही आधी पाणी लागतं.

किती लागतं, तेही पाहण्यासारखं आहे. हाताच्या शिरेतून निघालेलं रक्त एका नळकांड्यातून फिरतं. त्या नळकांड्यात केसासारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रक्त जातं आणि बाहेरून क्षार मिसळलेलं शुद्ध पाणी उलट्या दिशेने वाहतं. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. पाण्याचा वेग साधारण मिनिटाला अर्धा लिटर, एका खेपेचा वेळ चार तास. म्हणजे एका माणसाच्या एका डायलिसिसला 120 लिटर पाणी, आणि तेही आर. ओ. मधून गाळून निघालेलं. आर. ओ. यंत्र जे पाणी टाकून देतं, ते वेगळंच. दहा मशिन आणि दिवसाला तीन पाळ्या धरल्या, तर रोज 3,600 लिटर शुद्ध पाणी हवं. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराची तहान उजनीच्या पाण्यावर भागते आणि उन्हाळ्यात ज्याच्या गावागावांत टँकरची वाट पाहिली जाते, त्या जिल्ह्यात हा आकडा आरोग्य खात्याइतकाच पाणीपुरवठा विभागाच्या फळ्यावरही असायला हवा.

पाणी नुसतं पुरेसं असूनही भागत नाही. 1996 साली ब्राझीलच्या ईशान्य भागात, कारुआरू नावाच्या शहरात, एका डायलिसिस केंद्रातल्या शंभरावर रुग्णांना एकाएकी मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास सुरू झाला. पुढे त्यांची यकृतं निकामी होत गेली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. शोध घेतल्यावर कळलं की टँकरने आणलेल्या पाण्यात, तलावातल्या शेवाळासारख्या जिवाणूंचं विष होतं आणि ते पाणी नीट शुद्ध न होताच केंद्रात आलं होतं. तोही भाग दुष्काळाचाच. निरोगी माणसाने असं पाणी प्यायलं तर पोट आणि यकृत थोडंफार निभावून नेतात. डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त मात्र पातळ पडद्याच्या आडून थेट त्या पाण्याला भिडतं. कारुआरूची गोष्ट म्हणून धाराशिवने लक्षात ठेवायची. मशिनचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. पण पाण्याचा नमुना दरमहा तपासायला जातो का, गाळणी कधी बदलली, टाकी कधी धुतली, हे विचारणारं कुणी लागतं. ते विचारण्याचा हक्क रुग्णाच्या नातेवाइकालाही आहे.

हे यंत्र जन्मलं तेही टंचाईतच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन गावच्या छोट्या इस्पितळात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने 1943 साली सॉसेज बांधायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिली कृत्रिम किडनी तयार केली. सुरुवातीचे पंधराएक रुग्ण वाचले नाहीत. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई बेशुद्धीतून परत आली आणि पुढे बरीच वर्षं जगली. तिची किडनी तात्पुरती थांबली होती, यंत्राने तेवढे दिवस ओढून नेले. कायमची बंद पडलेली किडनी असलेल्यांसाठी वाट उघडली ती 1960 मध्ये. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी शोधली. त्यामुळे पुन्हा पुन्हा रक्त काढता येऊ लागलं.

आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की मशिन थोडी आणि माणसं फार, तर मशिनवर कुणाला घ्यायचं? सिएटलमध्ये त्यासाठी सात नागरिकांची समिती नेमली गेली. त्यात वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकवाला होता, कामगार पुढारी होता, एक गृहिणीही होती. अर्जदाराला मुलं किती, नोकरी काय, तो चर्चला जातो का, असं पाहून ही समिती कोण जगणार ते ठरवत असे. 1962 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने हे उजेडात आणलं आणि अमेरिका हादरली. नोव्हेंबर 1971 मध्ये शेप ग्लेझर नावाचा रुग्ण थेट अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मशिन घेऊन गेला आणि खासदारांसमोर काही मिनिटं डायलिसिस करून दाखवलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि किडनी निकामी झालेल्या बहुतेक सगळ्यांचा खर्च सरकारने उचलला. एका अवयवाच्या आजारासाठी सरकारने असं दार उघडलं, त्यामागे एका रुग्णाचं धैर्य होतं.

महाराष्ट्रात हे दार थोडं थोडं उघडत गेलं. 1997 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी जीवनदायी आरोग्य योजना आली, तेव्हा हृदय, मेंदू यांच्या जोडीला किडनीही तिच्यात होती. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा सोलापूर त्यात होता, उस्मानाबाद नव्हता. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर लागू झाली. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, किडनी प्रत्यारोपणाला अडीच लाख. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या चौदा जिल्ह्यांत एक विशेष तरतूद झाली, ती म्हणजे पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही योजना लागू. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आले. चार एकर कोरडवाहू आणि पांढरं कार्ड, म्हणजे कागदावर सुखवस्तू आणि घरात उधारी, अशी हजारो कुटुंबं या जिल्ह्यात आहेत. सरकारने ते ओळखलं, याचं मोल आहे. जुलै 2023 मध्ये शासन निर्णय झाला आणि 2024 पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं. प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली.

दीड लाखावरून पाच लाखांची झेप किडनीच्या रुग्णाला किती मोठी, ते 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून कळतं. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सांगितलं होतं की देशात दरवर्षी 2.2 लाख नव्या रुग्णांच्या किडन्या पूर्ण निकामी होतात, त्यातून 3.4 कोटी जादा डायलिसिसची गरज निर्माण होते, आणि एका खेपेला दोन हजार धरले तरी घराला वर्षाला तीन लाखांवर खर्च येतो. केंद्रं होती सुमारे 4,950, बहुतेक खासगी आणि मोठ्या शहरांतली. म्हणून ठरलं की जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस आणायचं. जागा, वीज, पाणी सरकारचं, मशिन, आर. ओ. संयंत्र, तंत्रज्ञ आणि साहित्य सेवा देणाऱ्या संस्थेचं. गरिबाला फुकट. पुढे फेब्रुवारी 2024 च्या राज्य अर्थसंकल्पात 234 ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याची घोषणा झाली. धाराशिवसारख्या जिल्ह्याला याच घोषणेतून सर्वांत जास्त मिळण्यासारखं आहे.

कारण इथे आजाराचा मोठा भाग रस्त्यावर जातो.

धाराशिवचे तालुके आठ, आणि जिल्हा पसरलाय आडवा. परंड्याच्या माणसाला बार्शी जवळ आणि जिल्ह्याचं ठिकाण लांब. उमरगा हैदराबादच्या महामार्गावर, त्याला लातूर आणि सोलापूर दोन्ही खुणावतात. भूम-वाशीची वाट बालाघाटच्या डोंगरातून. धरा, एखादा रुग्ण केंद्रापासून साठ किलोमीटरवर राहतो. आठवड्यातून दोनदा जायचं म्हटलं तर 240 किलोमीटर, वर्षाला साडेबारा हजारांच्या आसपास. तीनदा जायचं म्हटलं, आणि वैद्यकाच्या हिशेबात तीनदाच जायला हवं, तर पावणेएकोणीस हजार. सोबत एक माणूस लागतोच, कारण मशिनवरून उतरल्यावर बीपी खाली जातं, पायात गोळे येतात, बस पकडायचं त्राण राहत नाही. म्हणजे दोन माणसांचा रोज बुडतो. सकाळची पाळी मिळाली तर पहाटे चारला उठायचं, संध्याकाळची मिळाली तर शेवटची गाडी चुकायची भीती. आपल्याकडे पुष्कळ जण तिसरी खेप गाळतात, ती मशिन नाही म्हणून नव्हे, गाडीभाडं नाही म्हणून.

एसटीच्या सवलतींत डायलिसिसच्या रुग्णाचा समावेश आहे, साध्या गाडीला पूर्ण माफी. रेल्वेतही रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सूट आहे. या सवलती उपयोगी आहेतच. पण गावातून फाट्यापर्यंतच्या वडाप जीपला पास चालत नाही, आणि रात्री नऊला डायलिसिस संपलेल्या माणसाला एसटी सापडत नाही. बाळंतीण आणि नवजात बाळाला घरी सोडायला सरकारी वाहन आहे, तर तालुक्यातले चार-पाच डायलिसिसचे रुग्ण एका गाडीत बसवून नेणं-आणणं अशक्य का असावं? त्यांचे वार ठरलेले असतात, पाळी ठरलेली असते, वर्षभर माणसं तीच असतात. इतकं आधीपासून माहीत असलेलं वेळापत्रक आरोग्य खात्याला दुसऱ्या आजारात क्वचितच मिळतं.

दुसरी गोष्ट पोटाची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दुर्धर आजाराने कमवू न शकणाऱ्यांना महिना दीड हजार रुपये मिळतात. क्षय, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठ अशी नावं नियमात आहेत आणि पुढे ‘यासारख्या’ असा शब्द आहे. किडनीचा रुग्ण त्या शब्दात बसतो की नाही, हे तहसीलच्या टेबलावर ठरतं. शिवाय कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 रुपयांची. महिन्याला साडेसतराशे. आज शेतमजुराच्या कुठल्या घराचं उत्पन्न एवढं कमी असतं? दिव्यांग हक्क कायद्याने 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले; रक्ताचे आजार म्हणून हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात आले. आठवड्यातले तीन दिवस मशिनला बांधलेला माणूस त्यात नाही. हे बदलायला नवीन रुग्णालय बांधावं लागत नाही. नियमात एक नाव घालावं लागतं आणि एक आकडा बदलावा लागतो.

डायलिसिस विभागात सकाळी शिरलं की पहिल्यांदा दिसतो वजनकाटा. प्रत्येक जण चप्पल काढून त्यावर उभा राहतो आणि तंत्रज्ञ विचारतो, ‘किती आणलं?’ आणलं म्हणजे पाणी. लघवी होत नाही, त्यामुळे दोन खेपांमध्ये प्यालेला घोट न् घोट अंगात साठतो. दोन किलो वाढलं तर ठीक, चार वाढलं तर बोलणी बसतात, साडेपाच वाढलं तर श्वास लागलेला असतो. ज्याची लघवी बंद झालीय, त्याला दिवसाला सगळं मिळून, चहा-वरणासकट, लिटरभराच्या आतच भागवायचं असतं. मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, पत्र्याच्या घरात. लोक बर्फाचा खडा चघळतात, चूळ भरून थुंकतात, वेलदोडा तोंडात धरतात. मग डावा हात पुढे येतो. मनगटाच्या वर शीर अंगठ्याएवढी फुगलेली, बोट ठेवलं तर आत थरथर लागते. हा फिस्टुला, धमनी आणि शीर जोडून केलेला. रुग्ण रात्री झोपताना तिथे हात ठेवून पाहतात, थरथर आहे ना. त्या हाताने घागर उचलायची नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही.

फिस्टुला पिकायला सहा आठवडे तरी लागतात, म्हणजे तो डायलिसिस लागायच्या आधी करायचा असतो. आपल्याकडे घडतं उलटं. माणूस येतो तो सुजलेला, धापा टाकत, क्रिएटिनिन बारा-चौदा. मग मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून तातडीने मशिनवर घेतात. ती नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. पहिल्या काही महिन्यांतले कितीतरी मृत्यू त्या नळीच्या संसर्गातून होतात. फुले योजनेत फिस्टुलाची शस्त्रक्रिया आहे, डायलिसिसही आहे. फक्त रुग्ण वेळेवर दिसायला हवा.

आणि तो दिसू शकतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात शुगरची किंवा बीपीची गोळी असेल. किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणं हीच दोन. त्यात गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं दुकानातून आणून खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या. लघवीत प्रथिनं जातात का ते पाहायची पट्टी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, एवढ्या दोन तपासण्यांवर पाच-सात वर्षं आधी आजार पकडता येतो. शुगर-बीपीच्या गोळ्या नीट घेतल्या, बीपी आटोक्यात ठेवलं, तर मशिनची वेळ पुष्कळ लांबते, काहींना येतही नाही. हे काम गावातच होतं. याच जिल्ह्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या कमी शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं आणि त्यांनी घरोघर आरोग्याचं काम उभं केलं. लघवीत पट्टी बुडवून रंग पाहणं अशा बाईला अवघड नाही. तेच आशाताईंनाही जमेल, पट्ट्या संपल्यावर पुन्हा मिळाल्या तर.

डायलिसिस फक्त जुनाट आजारालाच लागतं असंही नाही. घोणस चावलेल्या शेतकऱ्याच्या किडन्या दोन-तीन आठवडे बंद पडतात. तेवढे दिवस मशिन मिळालं तर माणूस बरा होऊन पुन्हा रानात जातो. ढिगाऱ्याखाली स्नायू चिरडले की तसंच होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या लोहारा-उमरग्याला ढिगारा म्हणजे काय, ते सांगायला नको. तालुक्याच्या रुग्णालयातलं मशिन या दोन्हींसाठी तिथे हवं.

जिथे मशिन पोचणारच नाही तिथे काय? थायलंडने 2008 मध्ये आपल्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत पोटातून करायचं डायलिसिस आधी, असं धोरण घेतलं. पोटात कायमची नळी. दोन लिटरचं द्रावण आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, दिवसातून चारदा, घरी, स्वतःच्या हाताने. खेड्यातल्या भातशेतकऱ्यांनी ते शिकून घेतलं. 2022 मध्ये त्यांनी निवडीचा हक्क रुग्णाला दिला. भारतानेही 2019 मध्ये या पद्धतीचा समावेश राष्ट्रीय कार्यक्रमात करून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याला हवी एक स्वच्छ खोली, धुतलेले हात आणि पिशव्या घरपोच आणून देणारी व्यवस्था. भूमच्या डोंगरवाडीवरल्या माणसाला आठवड्याला शेकडो किलोमीटर फिरवण्यापेक्षा महिन्याला एक टेम्पो त्याच्या दारी जाणं स्वस्त पडतं. जंतुसंसर्गाचा धोका आहे, म्हणून शिकवणारी परिचारिका हवी. वैद्यकीय महाविद्यालय 2022 पासून धाराशिवात आलंय. परिचारिका आणि तंत्रज्ञ घडवायची जागा याहून योग्य कुठली?

प्रत्यारोपणाबद्दल थोडक्यात. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि मरणोत्तर दानाची वाट खुली झाली. तरी आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांच्या असतात, आणि देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. आई देते, बायको देते. बायकोची किडनी गेली तर तिला देणारं कोण पुढे येतं, हा प्रश्न सरकारी योजनेच्या बाहेरचा वाटतो, पण तो तिथेच विचारायला हवा. साडेचार लाखांत शस्त्रक्रिया भागेल. नवी किडनी टिकवायच्या गोळ्या मात्र जन्मभर, रोज, ठरल्या वेळी. त्या गोळ्या तालुक्याच्या ठिकाणी मिळाल्या पाहिजेत.

शेवटचा मुद्दा कोयत्याचा. भूम, परंडा, वाशी, कळंबमधून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाची किडनी गेली की कोयताच मोडतो; आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही आणि दोघांचाही हंगाम जातो. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, शुगर-बीपी काहीही नसलेले तरुण ऊसतोड मजूर हजारोंनी किडनीच्या आजाराने मेले. उन्हातले अतिश्रम आणि शरीरात वारंवार पडणारा पाण्याचा तुटवडा यांवर संशोधकांनी बोट ठेवलं. तिथल्या काही कारखान्यांनी मग फडात सावलीचे तंबू, ठरावीक विश्रांती आणि पिण्याचं पाणी देणं सुरू केलं, त्याने मजुरांच्या किडनीवरचा ताण कमी झाला. आपल्या फडात पाणी असतं ते बैलगाडीला बांधलेल्या कॅनमध्ये, दुपारपर्यंत तापलेलं. बायका लघवीला आडोसा नाही म्हणून तेही पीत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडला की टोळ्या गावी परततात, काही आठवडे सगळे घरी असतात. त्याच आठवड्यांत वाडी-तांड्यावर जाऊन तीस वर्षांपुढच्या प्रत्येक ऊसतोड मजुराची लघवीची पट्टी आणि क्रिएटिनिन तपासायचं, ज्याचं वाढलंय त्याचं नाव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत घालायचं, आणि पुढच्या दिवाळीला टोळी निघायच्या आधी तेच पुन्हा तपासायचं. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, महामंडळ आणि साखर कारखाने यांनी येत्या उन्हाळ्यात एका तालुक्यापासून हे सुरू करावं. परंड्यापासून केलं तरी चालेल, भूमपासून केलं तरी चालेल.